नातीची बेगमी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाजारातल्या सायबर कॅफेत एकाच खुर्चीवर अर्धं अर्धं टेकून नातीचं तोंड बघितलं ते. मे महिना सरत आला होता. मुलगा कुवेतला, नात तिथेच झालेली, आठ महिन्यांची. हातात कधी घेतली नव्हती.

एरवी आम्ही रविवारी जायचो. त्या आठवड्यात मात्र बायको मला रोज ओढून न्यायला लागली. मी वैतागलो. "रोज काय आहे गो तिथे?"

"बंद झालं म्हणजे?"

"कोण बंद करणार?"

"सरकार."

मी जन्मभर होडीवर. पावसाळ्यात सरकार मासेमारी बंद करतं, म्हणून आम्ही आधीच सुके बांगडे, सुकट भरून ठेवतो. तीच रीत तिने नातीला लावली होती.

कॅफेवाल्याला तिने सगळ्यांदेखत विचारलं, "दादा, सरकार हे बंद करील काय?"

तो हसला. "काकी, हे जगभर पसरलंय. कोण बंद करतोय!"

"दर्या काय लहान आहे? तो करतात ना बंद? मग तुझ्या डब्याचं काय घेऊन बसलास!"

सगळं कॅफे खो खो हसलं. कॅफेवाला डोकं खाजवत म्हणाला, "तसं म्हटलं तर वायरी सरकारच्याच आहेत. मनात आणलं तर करील."

"बघा," ती मला म्हणाली, जशी काय पैज जिंकली.

पडद्यावर मुलगा आला. म्हणाला, बाळ झोपलंय.

"उठव तिला. तुझं थोबाड बघायला आले काय मी?"

उठवली. आधी भोकाड, मग आजीने बांगड्या वाजवल्या तशी हसली. खाली दोन दात! नेमकं तेव्हाच चित्र अडकलं. कॅफेवाला पुढे आला तर ही ओरडली, "हात लावू नको! असूं दे तसंच!" आणि पोट भरेपर्यंत बघत बसली.

घरी आलो. भात वेळून पाणी काढायला उठली ती तिथेच बसली, आणि गेली. अंधार पडायच्या आत सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घातल्या. शेजारीण म्हणाली, "अहो, सुतकात कुठे निघालात?"

"नातीकडे," म्हटलं.

मुलगा विमानाच्या खटपटीत होता. कॅफेतल्या पडद्यावर सून पोरीला घेऊन बसली, डोळे सुजलेले. मला लहान पोरांशी बोलता येत नाही. मी टोपी काढून टक्कल दाखवलं. पोर हसली. मी टोपी घातली, परत काढली.