आमचा रविवार

नानांनी टोपाला लाथ घातली. टोपातल्या तिसऱ्या, खाडीतले शिंपले, नुकत्या कुठे उकळून तोंड उघडायला लागल्या होत्या. टोप उलटा झाला, उकळतं पाणी आईच्या पावलावर गेलं आणि तिसऱ्या वाळूत पसरल्या. आई पाय धरून खाली बसली. नानांच्या जीपमधले पाहुणे बघत होते.

"खायला नाही म्हणून कामाला येतोस," नाना बाबांना म्हणाले, "आणि इथे बायकापोरं घेऊन मजा मारतोस? आज बागेत कोण येणार, तुझा बाप?"

नाना म्हणजे आमच्या गावचे खोत. कायद्याने खोती कधीच गेली होती. पण हापूसच्या बागा त्यांच्या होत्या आणि आमचं घर त्यांच्याच जागेत होतं. माझा आजा त्यांच्याकडे वेठीला राबून मेला. म्हणून बाबा मिसरूड फुटायच्या आत मुंबईला पळाले, गिरणीत लागले. मी सांगते त्या वर्षी गिरण्यांचा संप झाला, गिरणीला टाळं लागलं आणि बाबा वळकटी घेऊन परत आले. आंब्याचे दिवस होते. नानांच्याच बागेत मजुरीला जावं लागलं.

पण गिरणीने लावलेली एक सवय त्यांनी सोडली नाही. रविवारची सुट्टी. गावात रविवार कोण पाळतो? लोक चेष्टा करायचे. बाबा शनिवारी संध्याकाळी बागेत सांगून यायचे, "उद्या खाडा." सकाळी आम्हाला घेऊन आरेच्या पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, निघायचे. आई, मी आणि धाकटा बाळ्या. तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात बांधलेल्या. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी वाळू उकरून तिसऱ्या वेचायच्या, तीन दगडांवर टोप चढवायचा. मीठ, मिरची, बाकी काही नाही. बाबा गिरणीतल्या मुकादमाची नक्कल करायचे आणि आई पदर तोंडात कोंबून हसायची. त्या दिवसांत घरात चहाला गूळही नसायचा. तरी मी इतकी सुखी पुन्हा कधी झाले नाही, खरं सांगते.

नानांना तेच खुपलं. मुंबईचे पाहुणे घेऊन तेही सहलीलाच आले होते. आम्ही हसताना दिसलो. रडत बसलेलो असतो तर त्यांनी जीपसुद्धा थांबवली नसती.

बाबांनी हात जोडले. "नाना, काल सांगून आलो हुतो की."

फाडकन कानाखाली बसली. बाबांची टोपी वाळूत पडली. माझ्या बापाला मार खाताना मी पहिल्यांदाच बघत होते. पाहुण्यांतला एक जण हसला. मग नाना माझ्याकडे वळले.

"आणि ही घोडी बघत काय उभी राहिलीय? चल, पाहुण्यांची ताटं विसळ."

चुलीत एक लाकूड अर्धं जळत होतं. मी ते उचललं आणि नानांच्या पोटरीवर हाणलं. पायजमा करपला, खाली कातडी करपली. नाना गुरासारखे ओरडले. तो आवाज आठवला की मला अजून बरं वाटतं.

मग मला मारलं. बाबांनी. केस धरून, तोंडावर, दोन्ही हातांनी. "नानांच्या पाया पड. माफी माग."

"नाय मागायची."

ओठ फुटला. एक दात हलला. तोंडातलं रक्त गिळत मी तेच म्हणत राहिले. शेवटी आई त्या भाजलेल्या पायावर उभी राहिली, तिने बाबांचा हात धरला. "तिला कशाला मारताव? हात उचलायचाच हाय तर तिकडं उचला."

बाबांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांना आमचं घर दिसत असणार, नानांच्या जागेतलं. त्याच पावली ते जीपच्या मागोमाग बागेकडे चालू लागले. नानांचा मला राग येणारच होता. पण त्या दिवशी बापाचा जास्त आला. जिवापाड आवडणाऱ्या माणसाचा इतका राग येतो, हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी नानांचा निरोप आला. पोरीलाही आंबे वेचायला आण, तिचा माज उतरला पाहिजे. बाबा दारात उभे राहिले. "चल."

"मी येनार नाय. आज रविवार हाय."

"घर जाईल."

"जाऊ दे."

त्यांनी हात उगारला. मी तोंड पुढे केलं. सुजलेलंच होतं. हात तसाच वर राहिला. मग खाली आला आणि ते एकटे बागेत गेले.

मी बाळ्याला घेतलं. आई लंगडत मागून आली. नानांच्या बागेसमोरूनच वाट आहे, आम्ही त्याच वाटेने गेलो. कुंपणाशी आल्यावर मी बाबांच्या मुकादमाची नक्कल केली, मोठ्याने. बाळ्या हसला. आई आधी घाबरली, मग तीही हसली, आणि या वेळी तिने पदर तोंडात घेतला नाही. झाडाखालचे मजूर मान वर करून बघायला लागले. नाना बाहेर आले. पाय बांधलेला होता. मी थांबले, त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा नक्कल केली.

त्या दिवशी ठरवलं, आणि आज शांत डोक्याने सांगते. आम्ही उपाशी असू, बेकार असू, उद्या बेघर असू. आमचं हसणं कुणाच्या बापाच्या जागेत नाही. माझ्या टोपाला पुन्हा कुणी पाय लावला, तर जळतं लाकूड पोटरीवर बसणार नाही. तोंडावर बसेल.