बराकपूरच्या खालचं रान आणि आमचे साळवेसाहेब

साळवेसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या अंगणात उकिडवे बसून माती खाताना. यजमानांची कलकत्त्याजवळ बराकपूरच्या छावणीत नुकतीच बदली झाली होती आणि शेजाऱ्यांनी पाया खणून मातीचा ढीग आमच्या दारात टाकला होता. मी म्हटलं, "अहो, घरी जेवायला घालत नाहीत का?" साहेब उठले, थुंकले आणि चक्क मराठीत म्हणाले, "माफ करा ताई. वाळू किती आहे ते दाताखालीच कळतं." मराठी ऐकलं म्हणून चहा ठेवला. नाहीतर हाकललंच असतं.

साहेब मूळ नगरकडचे, ख्रिस्ती, भूगर्भ खात्यात मोठ्या हुद्द्यावर. रोज लोकलने सियालदाला जातात. त्यांना साठ वर्षं पूर्ण होताहेत म्हणून हा गौरवग्रंथ निघतोय. त्यांच्या दगडांवर विद्वान मंडळी लिहितील. माझी शाळा चौथीत सुटली, मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिते.

साहेबांचं मन किती मोठं, तर दरवर्षी आमच्या गणपतीची माती गंगेच्या घाटावरून तेच आणून देतात. खडा नाही, वाळू नाही. पहिल्या वर्षी मी विचारलं, "चाखलेली माती देवाला कशी चालेल?" तर म्हणाले, "चाखलेली थुंकली ताई, ही शेजारची." मूर्तीला कधी तडा गेला नाही.

त्यांच्या पत्नी सुशीलाबाई माझ्या मैत्रीण. बायबलावर त्यांची पक्की श्रद्धा. जग सहा दिवसांत झालं म्हणजे सहा दिवसांत. साहेब जेवताना विचारत, "सूर्य चौथ्या दिवशी आला. आधीचे तीन दिवस कुणी मोजले?" त्या म्हणत, "ज्याने केले त्याने." "मग त्याचा दिवस केवढा, ते त्यालाच ठाऊक." "भात घ्या," त्या म्हणत. यापलीकडे त्या घरात भांडण मी ऐकलं नाही. पुढे सुशीलाबाई गेल्या. चर्चच्या मागे त्यांना पुरलं आणि शेजारची जागा साहेबांसाठी राखून ठेवली.

त्याच आवारात नळकूप, म्हणजे आपली बोअर, खणायचं ठरलं तेव्हाची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

भर दुपार होती. बांबूच्या परांचीवर एक मिस्त्री बसलेला. नळी वरखाली करायची आणि तिच्या तोंडावर तळहात दाबून सोडायचा, की चिखल उसळून बाहेर येतो, अशी इकडची रीत. साहेब तो चिखल चाखत आणि तोंडातल्या तोंडात बायबलातला उत्पत्तीचा अध्याय उलटा म्हणत. खाली जाताना शेवटचं आधी लागतं, म्हणून उलटा. आधी माणूस, मग जनावरं, मग पाखरं आणि मासे, मग सूर्य. म्हणता म्हणता ते झाडांपाशी आले आणि नळी कशावर तरी अडली.

चिखल काळा यायला लागला. त्यात लाकडाचे तुकडे, आणि एक अख्खं पान. पिवळसर, शिरा दिसणारं, जणू सकाळीच गळलेलं. मी ते हातावर घेतलं. बघता बघता माझ्या तळव्यावर ते काळं पडलं. तेवढ्यात मिस्त्रीने हात मागे ओढला. "आत कुणीतरी फुंकतंय," तो म्हणाला. मग नळी गुणगुणायला लागली. तोंड मिटून माणूस गुणगुणतो ना, तशी.

साहेब एवढंच म्हणाले, "कुजलेल्या पानांचा वायू आहे. बिड्या विझवा."

चर्चचे कारभारी बिश्वासबाबू गुडघ्यांवर बसले. "आत नोहाच्या प्रलयात बुडालेली माणसं आहेत. साळवेबाबू, रविवारी तुम्ही सगळ्यांसमोर तसं सांगा. तुम्ही सरकारी माणूस, तुमचं ऐकतील."

"ते खरं नाही, दादा."

"मग या चर्चशी तुमचा संबंध संपला. रविवारी मुलांना शिकवता तो वर्ग नाही, आणि मागची ती जागाही नाही."

सगळ्यांनी सुशीलाबाईंच्या कबरीकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, "साहेब, हो म्हणून टाका. एका शब्दाने काय बिघडतंय?"

"ताई, जिच्यात सुशीला आहे त्या मातीबद्दल खोटं कसं बोलू?"

मी दोन पावलं मागे सरले. असं माझ्या हातून क्वचित होतं.

मग साहेब बिश्वासबाबूंना म्हणाले, "प्रलयाने झाडं आडवी केली असती. कलकत्त्यात खोल खड्ड्यांत उतरून मी या खोडांना हात लावलाय. ती उभी आहेत, मुळं चिखलात रोवलेली. रान इथंच वाढलं, जमीन हळूहळू खचली, नदीने वर गाळ घातला. देव काय म्हणाला? भूमीने झाडं उगवावीत. काम भूमीवर सोपवलं ना? ती आपल्या चालीने करते. यात देव कुठे कमी झाला?"

"अजून खचतेय?"

"हो."

"मग आपली माणसं?" बिश्वासबाबूंची आई तिथेच पुरलेली होती.

"तीही जातील, हळूहळू. आज त्या रानाच्या वर निजलीत. एक दिवस त्या रानात असतील."

नळी गुणगुणतच होती. बिश्वासबाबूंनी वाकून तिला कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. उठले तेव्हा तोंडावर रंग नव्हता. "वर्ग दुसऱ्या कुणाला देऊ," ते म्हणाले, "जागा तुमचीच."

त्यांनी काय ऐकलं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही कान लावला होता. मला भुताखेतांचं वेड नाही, पण पानांतून वारा जातो तसा आवाज होता, आणि वर त्या दिवशी वारा नव्हता. नळी उपटून ते भोक बुजवलं. पाणी दुसरीकडे लागलं. पण साहेब अजून त्या जागी थांबतात, टोपी काढतात, मग सुशीलाबाईंकडे जातात. मी मात्र तिथून भरभर चालते.

वर्ग गेल्याबद्दल साहेबांच्या तोंडून कडू शब्द निघाला नाही. मागच्या बाकावर बसून दर रविवारी ते दुसऱ्याचं शिकवणं ऐकतात. हे मला जमलं नसतं.

सुशीलाबाईंच्या शेजारी गवत माजतं, ते मी उपटते. ती जागा अशीच मोकळी राहो, साहेबांचे दात आणि गुडघे शाबूत राहोत, माझी देवाकडे हीच मागणी. आमच्या देवाकडेही आणि त्यांच्याही. पुढच्या गणपतीची माती त्यांनीच आणायची आहे, त्याच्या पुढच्याही. खालच्या रानाला काही घाई नाही. आणि सुशीलाबाई, साहेबांचा भात वाढून त्यांची वाट बघायची तुम्हाला सवयच होती, अजून थोडी बघा.