टिटवीला माझं लाल लुगडं

शेळ्यांच्या लेंड्या आणि माळावरचे किस्से, सकाळी झाडावं तर सांजेला पुन्हा ढीग! हे गावात पहिला एसटीडी बूथ आला तवाचे.

आमच्या निडी गावाच्या वरच्या कातळावर आम्ही शेळ्या चारायचो. एकदा जंगलखात्याचा कागद आला: शेळ्यांनी माळ खाल्ला, पक्षी पळाले, चराई बंद करणार. माझं तर पोट अकरा शेळ्यांवर! एका संस्थेची बाई आली. म्हणाली, "आजी, साहेब बघायला येतील. तोवर शेळ्या असूनही माळावर काय काय जगतंय ते वहीत मांडा. गवत, पक्षी, घरटी."

मी दुसरी पास. चित्रं काढली. बाई म्हणते, "आजी, हा पक्षी की कढई?"

"बसलाय गो तो. उडाला की कळंल!"

*

बाईनं सुतळीचा चौकोन आखला. आतलं गवत रोज मोजायचं. दुसऱ्या दिवशी माझी चांदी शेळी सुतळीच खाऊन मोकळी!

"आता काय लिहू?" बाई रडकुंडीला.

"लिव्ह की, गवत सोडलं नि सुतळी खाल्ली. गवताला धोका नाय!"

*

आमच्यातला शांताराम लय बडबड्या. त्याला मी गंभीर तोंडानं सांगितलं, "पक्षी मोजताना जो बोलंल त्याचं नाव बाई खोडते हां!" बिचारा दिवस मावळेस्तोवर गप.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको टोपभर पोहे घेऊन बाईपुढं हजर. "बाय, ह्यांना घरीबी मोजायला लावा गो!"

*

साहेब यायला आठ दिवस, आणि टिटवीनं उघड्या कातळावर चार अंडी घातली. बाई म्हणाली, "हीच दाखवू! खूण करा, कुणाचा पाय नको पडायला." मी काठी रोवली, वर माझ्या लाल लुगड्याचा तुकडा बांधला, भोवती दगड मांडले.

दोन दिवसांत दगडांपाशी हळदकुंकू, नारळ! धाटावच्या कारखान्यात शिफ्टला जाणारे सायकल थांबवून पाया पडायला लागले. खरं काय ते मी कशाला सांगत्येय? अंडी तर सुखरूप व्हती!

साहेब आला. बाई सांगायला तोंड उघडते, तोवर त्यानं बूट काढले! भर दुपारी तापल्या कातळावर उभा, डोळे मिटून. डोक्यावर टिटवी बोंबलत घिरट्या घालतेय.

साहेब हळूच विचारतो, "आजी, देवी रागावली का? काय म्हणते?"

"म्हणते, शेळ्यांचा तरास नाय. तुम्ही तेवढे मागं सरा!"

साहेब हात जोडून पाच पावलं मागं. टिटवी उतरली, अंड्यांवर बसली. शेजारीच चांदी चरत व्हती. साहेबानं खिशातला बंदीचा कागद काढला, नि त्यानंच कपाळाचा घाम पुसला.