हिराबाईंची पिकअप आणि माझा काळा रंग

जॅक वर गेला, पण गाडी वर आली नाही.

तीस वर्षं पनवेलला गॅरेज चालवतोय, असं कधी पाहिलं नव्हतं. आधी वाटलं, जमीन खचली. वाकून टॉर्च मारला तर जॅकचं डोकं चेसिसमध्ये चार बोटं आत शिरलेलं. चेसिस म्हणजे गाडीच्या तळाचे दोन लांब लोखंडी गर्डर. इंजिन, केबिन, मागचा हौदा, सगळं त्यांच्यावर बसवलेलं असतं. मी जॅक हळूच खाली घेतला.

गाडी हिराबाईंची. मोरा बंदरावरून मासळी घेऊन रोज पनवेलच्या बाजारात येणारी पिकअप. हिराबाई मासळी विकतात, गाडी त्यांचा भाऊ भास्कर चालवतो. मीटरवर चार लाख अठरा हजार किलोमीटर. क्लच घसरत होता म्हणून गाडी आली होती, पण खरा प्रश्न वेगळाच होता. एका शोरूमने जुनी देऊन नवी घ्यायची ऑफर दिली होती आणि भास्करने घरी तोच धोशा लावला होता. हिराबाईंचं मन होत नव्हतं. नवरा गेल्यावर, दिरांचा विरोध मोडून, त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलेली ही पहिली गाडी.

"मेस्त्री, तुमी बोला," त्या मला म्हणाल्या. "तुमी बोलाल तर ठेवते, नाय तर काढते."

मी काय बोलणार? त्या गाडीचं इंजिन तीन वर्षांपूर्वी मीच बांधलेलं. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंग. अर्ध्या सेल्फला सुरू व्हायचं. आपल्या हातचं काम असं गुणी निघालं की माणसाला जरा चढतंच. मी ऐटीत सांगून टाकलं, "नवा क्लच टाका आणि आणखी दीड लाख किलोमीटर विसरा." भास्करचं तोंड पडलं. हिराबाई खूश होऊन बाजारात गेल्या.

त्यानंतर अर्ध्या तासात जॅक आत.

मी हातोडी घेऊन गाडीखाली सरपटलो. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं. इथे पुढच्या बाजूला ठण्ण, मध्ये ठक्, आणि मागे नुसतं थप्. काळ्या रंगाचा पापुद्रा सुटला आणि गंजाचा भुगा माझ्या तोंडावर आला. सगळ्यात वाईट अवस्था मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटची. पाटे म्हणजे चाकावरच्या त्या लोखंडी पट्ट्या, मालाचं सगळं वजन त्या पेलतात. एका बाजूचं ब्रॅकेट जवळजवळ सुटलेलंच होतं. ते भरल्या गाडीत निघालं असतं तर मागचं चाक तिरकं झालं असतं. पुढचं मी बोलत नाही.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. गाडी रोज जेट्टीवर खाडीच्या पाण्याने धुतली जायची. गावात गोडं पाणी पिण्यापुरतं. ते गाडीवर ओतलं तर शेजारीपाजारी नावं ठेवतील. त्यात टोपल्यांमधून गळणारं बर्फाचं खारं पाणी. हे सगळं मला ठाऊक होतं. आणि त्यावर माझी करणी. पासिंग म्हणजे आरटीओची तपासणी. तिच्या आधी चेसिसला काळा रंग मारायची आमच्याकडे रीतच आहे. गाडी खालून नवीकोरी दिसते. आधी खरवडून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून मग रंग मारायला हवा. त्याला अख्खा दिवस जातो. मी धूळ झटकून सरळ ब्रश फिरवायचो. दर वर्षी मी मिठावर झाकण घालत होतो.

शेजारच्या वेल्डरला बोलावून विचारलं, पट्टी मारून भागेल का. त्याने बोटाने एक जागा दाबली. बोट आत गेलं.

"काका, ठिगळ लावायला कापड तरी पाहिजे ना," तो म्हणाला.

खोटं कशाला सांगू, पट्टी मारून वरून रंग फासायचा विचार मनात येऊन गेला. माझा शब्दही राहिला असता. त्या विचाराचीच लाज वाटली आणि मी फोन लावला.

हिराबाई बाजारातून तशाच आल्या. मी हातोडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी एकदा मारली आणि पडलेला भुगा पाहिला.

"पन इंजिन तर चांगला हाय ना?"

"इंजिन उत्तम आहे. ते ज्यावर बसलंय ते संपलंय. आणि रंग मी मारत होतो. चूक माझी."

त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. न्हावा शेव्याकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर एकामागून एक चालले होते.

"सकाळी असाच एक आमच्या मागं होता," त्या म्हणाल्या. "बरा झाला, इथं मोडली."

माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी मला झाडलं, चांगली दहा मिनिटं, बाजारातल्या आवाजात. शेजारची दोन दुकानं ऐकायला बाहेर आली. हिराबाईंना आणि भास्करला रस्त्यावर काही झालं असतं, तर मला बोलायला कोणी उरलं नसतं. मी मान खाली घालून ऐकलं आणि मला बरंच वाटलं.

महिन्याभरात नवी पिकअप आली. जुनी भंगारात गेली त्या दिवशीही इंजिन अर्ध्या सेल्फला सुरू झालं. नवी गाडी आता माल उतरवला की माझ्याच दारात, बोअरिंगच्या पाण्याने धुतली जाते. गाडी ठेवू की काढू, असं विचारत कोणी आलं की मी आधी खाली शिरतो आणि बोनेट शेवटी उघडतो.

परवा हिराबाईंच्या नव्या गाडीचं पहिलं पासिंग आलं. मी सवयीने काळ्या रंगाचा डबा बाहेर काढला. हिराबाईंनी तो पायाने बाजूला सरकवला आणि हातोडी माझ्या हातात दिली.

"आदी वाजवा."

मी खाली शिरलो. पुढून मागपर्यंत ठण्ण, ठण्ण, ठण्ण.

"ऐकलंत?" मी खालूनच विचारलं.

"ऐकला. पाट्याजवळ परत वाजवा."