डब्यातली तीन माणसं

माझा भानामतीवर विश्वास नाही. उदगीरच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि निवृत्त झाल्यापासून गावोगाव 'भानामती : भ्रम की वास्तव?' हे व्याख्यान देत फिरतो. (विश्वास नाही म्हणून भीतीही वाटत नाही, असं मात्र मी कुठंही म्हटलेलं नाही.)

त्या गुरुवारी भरदुपारी घरात मी एकटाच होतो. बायको, म्हणजे महादेवी, शेजारी शेवया करायला गेलेली. मला साखर निघाल्यापासून ती शेंगदाण्याचे लाडू लपवून ठेवते, आणि ते शोधून काढणं हेच माझं सध्याचं संशोधन! स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर, पापडाच्या डब्यामागं, कधी न पाहिलेला एक स्टीलचा डबा हाताला लागला. झाकण काढलं. आत माझाच जुना रुमाल. आणि रुमालात तीन माणसं!

माणसंच हो! वीतभर लांब, हाडकुळी, सुरकुतलेली. एकाच्या गळ्यात पांढरा दोरा, एकाच्या काळा, एकाच्या लाल. पांढऱ्याला आणि काळ्याला पाय उरलेच नव्हते. लाल दोरेवाला जवळपास अख्खा होता; दोन हात, हनुवटीखाली विरळ दाढी. फक्त डावा पाय गुडघ्यापासून तुटलेला. माझा डावा गुडघा चार दिवसांपासून ठणकत होता.

घरात इतकं शांत होतं, की मोरीतल्या नळाचा थेंबन् थेंब ऐकू येत होता. मी डबा होता तसा ठेवला आणि लाडू न शोधताच बाहेर येऊन बसलो.

शुक्रवारी ती देवळात गेल्याबरोबर पुन्हा डबा काढला. डावा पाय आता मुळापासून गेला होता, आणि उजवा हातही कोपरापर्यंत गायब! माझा उजवा खांदा लगेच आखडला. (लगेच म्हणजे बघितल्यावर. विज्ञानाच्या मास्तरच्या हे लक्षात यायला हवं होतं, पण नाही आलं.)

घाम पुसत वळलो, तर समोर भिंतीवरचं कॅलेंडर. चौकोनांत महादेवीचं अक्षर. एका आठवड्यात, "पांढरा. काही नाही." पुढच्या आठवड्यात, "काळा. गार पडले." कालच्या चौकोनात, "लाल. अंगाची आग, लई तळमळले." खरंच तळमळलो होतो! आणि येत्या सोमवारी दोनच शब्द होते, "लाल. डोकं."

चौतीस वर्षांचा संसार! मी हिचं काय वाईट केलं होतं? आठवायला बसलो, तर यादी फारच लांबायला लागली, म्हणून थांबलो. सोमवारपर्यंत जिवंत राहायचं, एवढंच आता हातात होतं.

शेजारी शिवराजअप्पा राहतात. गल्लीत गुपित पोटात ठेवणारा तेवढा एकच माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि दाराला आतून कडी लावली.

"सर, भानामती न्हाई म्हणून तुमीच सांगत फिरता की!"

"हाव अप्पा. पर भानामतीला कुठं ठाव हाय ते!"

"मंग सोमवारी उतारा टाका. तीन रस्ते मिळतेत तिथं. लिंबाला टाचण्या टोचा, टाका, आन् माघारी वळून बघू नका."

"सोमवारी चाकूरच्या शाळेत माझं व्याख्यान हाय."

"कशावर?"

मी सांगितलं. अप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "लिंबू पिशवीत ठेवा, सर. जाता जाता टाका."

इकडं मी बायकोची मर्जी राखायला लागलो. न सांगता भांडी घासली. उपमा तीनदा मागून घेतला. "तुझ्यासारखी तूच!" असंही म्हणालो. ती माझ्याकडं बराच वेळ टक लावून बघत राहिली. शनिवारच्या चौकोनात नवीन ओळ आली, "गुण येऊन राहिला. भांडी घासली." म्हणजे भानामती लागू पडायला लागली होती!

सोमवार उजाडला. स्वयंपाकघरातून किसणीचा आवाज येत होता. खर्र. खर्र. दारातून डोकावलो. लाल दोरेवाल्याचे हात-पाय संपलेले, आणि महादेवीनं त्याचं डोकं किसणीवर धरलेलं!

"डोकं नको!" मी तिचे पायच धरले. "महादेवी, काही चुकलं असंल तर माफ कर, पर डोकं नको!"

"अवो, उठा की! काय झालं तुमाला? जिनसेंगचं मूळ हाय ते, दिसतंच माणसावानी! माझ्या भाच्यानं कोरियाहून पाठवलंय, ताकदीला. दमलो दमलो करून राहिले सारखं, आन् औषध म्हणलं की तोंड वाकडं. म्हणून चहात किसून घालून राहिले."

"आणि दोरे?"

"वळखायला नको? पांढरं नुसतं वाळवलेलं. लाल वाफवून वाळवलेलं, ते गरम पडतं म्हणं. काळ्या दोऱ्याचं अमेरिकेचं, ते थंड. एकेक आठवडा देऊन बघितलं, कशानं गुण येतो. तुमीच न्हाई का पोरांना सांगत, परयोग करा, नोंदी ठेवा म्हणून?"

म्हणजे ज्याचे हात-पाय गेले म्हणून मी मरायला टेकलो होतो, त्याला रोज सकाळी बशीत ओतून, फुंकर मारून मीच प्यालो होतो!

"बीपीची गोळी चालू हाय माझी. डॉक्टरला विचारलंस?" मी कसाबसा म्हणालो.

तिचा चेहरा पडला. "ते चुकलं माझं," म्हणाली, आणि डोकं डब्यात ठेवून दिलं. ही मला मारायला नव्हे, जगवायला धडपडत होती! मला रडू आलं, आणि रडता रडता अप्पांचा सल्ला, लिंबू, टाचण्या, सगळं सांगून बसलो. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, ती मी एसटीला जाईपर्यंत हसतच होती.

चाकूरला व्याख्यान रंगलं. शेवटी घाम पुसायला पिशवीतून रुमाल ओढला, तर टाचण्या टोचलेलं लिंबू गडगडत पहिल्या रांगेपर्यंत गेलं. (टाकायचंच राहिलं होतं!) एका मुलीनं पाय वर घेतले आणि हळूच विचारलं, "सर, ह्यो भ्रम हाय का वास्तव?"

संध्याकाळी घरी आलो. कॅलेंडरवर सोमवारच्या चौकोनात "लाल. डोकं." होतंच. त्याच्याखाली महादेवीनं प्रयोगाचा निष्कर्ष लिहिला होता, "मुळातच नाही."