नेबोयशाचा होकार

माझा भाचा नेबोयशा व्हिएन्नात इमारतींचे आराखडे काढतो आणि दर रविवारी अकरा वाजता आईशी व्हिडिओवर बोलतो. बोलतो म्हणजे तोंड दाखवतो. डोळे दुसऱ्याच पडद्यावर, बोटं तिसरीकडेच. दर मिनिटाला एक "हं", दोन मिनिटांनी एक "छान". इतकं वक्तशीर, की वाटावं पोरगं मन लावून ऐकतंय.

माझी बहीण स्तामेना मात्र त्या कॉलसाठी सकाळी नऊपासून सजून बसते. चर्चला जायचा ब्लाउज, टीव्ही बंद, कोंबड्या परसात. शेजारी बसून मी नुसता खोकलो तरी डोळे वटारते.

आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो, वर्षातून एकदा त्याचा सण. मेव्हणा गेल्यापासून त्या सणाची मेणबत्ती तीच लावत होती. खरं तर ती मुलाने लावायची. पण त्याने आपण होऊन "घेतो" म्हणायला हवं, आईने गळ्यात मारून चालत नाही. चार वर्षं तिला हाच घोर, की आपल्यामागे संत लूकाला कोण विचारणार?

सप्टेंबरात तिने धीर केला.

"नेशा, यंदापासून सण तुझ्या घरी. घेशील ना बाळा?"

"हं. घेतो, आई. छान."

स्तामेना ढसाढसा रडली. त्याला तेही दिसलं नाही, आराखड्यातला कुठलासा जिना जमत नव्हता म्हणे. मला सगळं कळत होतं. बोलायला हवं होतं मी. पण तिचा चेहरा इतका उजळला होता, की माझी जीभच उचलेना.

या सणाला आमच्यात आमंत्रण नसतं. बोलावणं म्हणजे अपमान. ज्याला नातं आठवतं, तो येतो. आम्हा एकोणीस जणांना आठवलं. मिनीबस ठरवली, कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचं पातेलं मांडीवर घेतलं आणि सणाच्या सकाळी त्याच्या एका खोलीच्या फ्लॅटची बेल दाबली.

वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, अशा अवतारात त्याने दार उघडलं. आत ऑफिसची मीटिंग चालू होती.

"आई? मामा? कोण गेलं?"

"गेलं नाही कुणी, आलेत," मी म्हटलं. "सरक, पातेलं जड आहे."

"अहो, पण कळवायचं तरी!"

"तूच म्हणालास ना, घेतो म्हणून?" स्तामेनाचा आवाज बारीक झाला.

त्याला काडीचंही आठवत नव्हतं, ते जिन्यात उभ्या एकोणीस जणांना दिसलं. मग त्याने कानातला इयरफोन काढून खिशात टाकला.

"हो, आठवतंय. म्हणालो होतो," तो म्हणाला आणि तिच्या हातातली मेणबत्ती घेतली. भाच्याला खोटं बोलताना ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

ती आत यायला निघाली, तशी त्याची नजर खाली गेली.

"आई, ही काठी कधीपासून?"

"जूनपासून. पडले होते ना, खुबा मोडला. सांगितलं होतं की रे तुला," ती म्हणाली. "तू म्हणालास, मस्त, मजा कर."