पाहुण्यांच्या कपातला चहा

कळंबहून पुण्याला निघालो त्या सकाळी तात्यांनी, माझ्या वडिलांनी, माझी बॅग एसटीच्या सीटखाली सरकवली आणि कंडक्टरला न विचारताच सांगून टाकलं, "पोरगं इंजिनिअरिंगला चाललंय. प्रोग्रामर हुणार हाय." 'विशाल' असं माझं नाव कोरलेला स्टीलचा पेला, मामानं बारशात दिलेला, मला सोबत न्यायचा होता. आईनं तो बॅगेतून काढून घेतला. "ह्यो हितंच ऱ्हाऊ दे. आल्यावर लागंल की."

धाकटी बहीण आशा तेव्हा आठवीत होती. ती रडली नाही, तोंड फुगवून उभी राहिली. "मी बी जाणार," म्हणाली. तात्या म्हणाले, "एकानं जायाचं, एकानं ऱ्हायाचं. समदीच गेली तर घराला कुलूप लावायचं का?" एसटी सुटेपर्यंत तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती माझ्यावर जळत होती, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं.

पुढची वर्षं तुमच्यापैकी जे घर सोडून गेले त्यांना सांगायला नकोत. होस्टेल, मेसची पाणचट आमटी, पहिल्या सेमिस्टरला उडालेले दोन विषय. "हितं" म्हटलं की पोरं हसायची, म्हणून "इथे" म्हणायला शिकलो. मग हिंजवडीत नोकरी, चौथ्या मजल्यावर वन बीएचके, खिडकीतून समोरच्या फ्लॅटचं बेसिन दिसतं. गेलं ते गेलं, प्रोग्रामर तर झालो, अशी मी माझी समजूत घालत असे. काही मिळवायचं तर घर सोडावं लागतं, यावर माझा पक्का विश्वास होता. तो ठेवणं भागच होतं.

आशाची बारावी झाली आणि एका दुपारी तिचा फोन आला. "दादा, मी घरी बसून शिकायचा कोर्स करती. प्रोग्रामिंगचा. दोन कोर्सची माहिती पाठवलीया, कुठला घिऊ सांग."

मी मोबाइल घेऊन बसलो. दोन्हीकडं मी शिकलो तेच विषय, तीच भाषा. फक्त मेस नव्हती, होस्टेल नव्हतं. रविवारी बारामतीला प्रॅक्टिकल, बाकी सगळं घरी. आईच्या हातची गरम भाकरी खाऊन ही पोरगी प्रोग्रामर होणार. मी तिला लिहिलं, "थांब, चौकशी करतो."

चौकशी मी केली नाही. टीममधले दोघं तसाच कोर्स करून आलेले होते, माझ्या शेजारच्याच रांगेत बसायचे. उठून चार पावलं जायचं होतं. आशा आठवड्याला विचारायची, मी "बघतोय" म्हणायचो. तात्यांना तर वर सांगितलं, "डिस्टन्सच्या डिग्रीला कंपनीत कुत्रं विचारत नाही." तात्यांनी माझा शब्द मानला, पुण्यात शिकलेल्या मुलाचा शब्द होता तो. प्रवेशाची तारीख गेली. आशा वर्षभर झेरॉक्सच्या दुकानात बसली.

दुसऱ्या वर्षी तिनं मला विचारलंच नाही. ती तात्यांच्या रीतीनं गेली. आमच्याकडं नव्या जातीचा ऊस लावायचा तर बेणं विकणाऱ्याच्या गोड बोलण्यावर कुणी जात नाही. ज्यानं तो ऊस लावलाय त्याच्या रानात जायचं, कांडी मोडून बघायची, आणि त्यालाच विचारायचं, तुरा लवकर येतो का, पाणी किती लागतं. तात्या नेहमी म्हणायचे, "इकणाऱ्याला इचारू नगं. ज्याच्या रानात उभा हाय त्याला इचार."

दोन्ही कोर्सची प्रॅक्टिकल बारामतीत, वेगवेगळ्या ठिकाणी व्हायची. आशा एका रविवारी एका गेटवर उभी राहिली, पुढच्या रविवारी दुसऱ्या. बाहेर पडणाऱ्याला एकच प्रश्न विचारायची, "तुमचा प्रोग्राम चुकला तर कोण सांगतं?" पहिल्या गेटवरची पोरं हसली. "कोण सांगणार? व्हिडिओ पुन्हा बघायचा." त्या कोर्सच्या जाहिरातीत नोकरीची हमी होती. दुसऱ्या गेटवर कन्हेरीची एक बाई भेटली, पिशवीत भाजी आणि फाइल. तिनं रस्त्यावरच फाइल उघडून दाखवली. एकेका ओळीपाशी लाल पेनानं लिहिलेलं होतं, इथं का अडकलं, तिथं काय राहिलं. "सर लई चुका काढत्यात," ती बाई कुरकुरली. आशानं दुसऱ्या दिवशी तिथंच फॉर्म भरला.

हे तात्यांनी मला फोनवर कौतुकानं सांगितलं. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, पण कॉलेज निवडताना मला हा प्रश्न सुचला नव्हता. मी नाव बघितलं होतं आणि इमारत.

कोर्स संपला, आणि आता आशा पुण्यातल्याच एका कंपनीचं काम करते, कळंबच्या घरातून, माझ्या जुन्या खोलीतून. तिच्या मीटिंगमध्ये म्हैस रेकते आणि सगळे हसतात म्हणे. मी कॉलवर असताना मागं कुकरची शिट्टी झाली तरी कावराबावरा होतो. आईला दवाखान्यात तीच नेते, उसाच्या पाण्याची मोटार कधी सुरू करायची ते तात्या तिलाच विचारतात. लेक परक्याचं धन, असं ऐकत आम्ही मोठे झालो. ते धन घरात राहिलं आणि पोरगा परका झाला, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

गेल्या महिन्यात दोन दिवस गावी गेलो. आईनं दारात पाण्याचा तांब्या दिला, खुर्ची पुसली आणि चहा आणला, सोनेरी काठाच्या कपबशीत. तो कप आमच्याकडं पाहुण्यांसाठी असतो. आशाचा चहा तिच्या टेबलावर साध्या पेल्यात होता. शेजारी माझ्या नावाचा पेला, त्यात तिची पेनं.

मी कप घेऊन तिच्या खोलीत गेलो. "आशे, त्या वर्षी मी चौकशी केलीच नव्हती."

"ठाऊक हाय," ती स्क्रीनकडं बघत म्हणाली.

"कधीपासून?"

"तवाच. तू 'बघतो' म्हणालास की बघत न्हाईस, ल्हानपणापासनं. पर का न्हाय केलीस?"

"जळलो तुझ्यावर."

आता तिनं मान वळवली. "माझ्यावर? मी तर हितं भाकरी थापत हुते."

"म्हणूनच."

ती पुन्हा स्क्रीनकडं वळली. मग म्हणाली, "माझं एक वरीस गेलं, दादा." तिनं असू दे, झालं ते झालं, असं काही म्हटलं नाही.

कपातला चहा निवला होता. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "इशाल, आनखी आणू का रं?" मी उत्तर द्यायच्या आत आशाच ओरडली, "त्याला कशाला आणून देतीस? घील की आत यिऊन."

मी पेल्यातली पेनं काढून तिच्या टेबलावर ठेवली. ती बघत होती, पण नको म्हणाली नाही. मोरीत पेला विसळला, तळाशी शाईचा डाग होता, तो काही निघाला नाही. मग स्वयंपाकघरात आईपाशी खाली बसलो आणि माझा चहा माझ्या हातानं ओतून घेतला.